लिहिणाऱ्यांचे आणि उत्तर देणाऱ्यांचे स्वागत

माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या माझ्या ब्लॉगलेखक व वाचक मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो. एरवी टोपणनावाने भेटणारी माणसे आज समोरासमोर बसली आहेत, याचा मला फार आनंद आहे.

टोपणनावाने लिहिण्याची रीत या शहराला नवी नाही. १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे छापून येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख मूळचे पुण्याचे. आपल्याच समाजाचे दोष त्यांनी बेधडक मांडले. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न विचारला. या दोघांना छापील पानावर जागा मिळाली, म्हणून ते शब्द आपल्यापर्यंत पोचले. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याबरोबरच गेले.

ब्लॉगने ही अडचण दूर केली. पूर्वी एका फाँटमधले मराठी दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उमटे. युनिकोड रुळले, तशी शिक्षिका, परिचारिका, शेतकरी, निवृत्त कारकून अशी कितीतरी माणसे लिहिती झाली. त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

मात्र नुसत्या लिहिण्याने माणसे जोडली जात नाहीत. कुणी अळूवडीची कृती लिहिते: बेसन एक वाटी. लगेच प्रश्न येतो, वाटी केवढी? परदेशातली वाचक विचारते, इथे अळू मिळत नाही, काय करू? दुसरी सांगते, पालकाची मोठी पाने घे. कोकणातून सूचना येते, चिंचेचा कोळ वाढवा, घसा खवखवणार नाही. मग लेखिका कृती दुरुस्त करते आणि सुचवणारीचे नावही घालते. विचारणे, सांगणे, ऐकून बदलणे आणि श्रेय देणे हे सगळे त्या एका कृतीभोवती घडते.

हीच रीत पाणीवाटप, शाळा, आरक्षण, शेतमालाचा भाव यांवरच्या लेखनातही यावी, असे मला कळकळीने वाटते. तिथे आपण फार लवकर दार लावून घेतो. म्हणून यजमान या नात्याने तीन गोष्टी मागतो. सभ्य शब्दांतला विरोध पुसू नका. कुणी चूक दाखवली, तर ती उघडपणे दुरुस्त करा. ज्याचे म्हणणे खोडायचे, त्याच्या मूळ लेखाचा दुवा वाचकाला द्या. सार्वजनिक चर्चेचा कस यातच आहे.

व्यवस्थेत काही उणे राहिले, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आणि ज्यांच्याशी आपले कडाक्याचे वाद झाले आहेत, त्यांच्या शेजारी आज आवर्जून जेवायला बसा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून मी अध्यक्षमहोदयांना मार्गदर्शनाची विनंती करतो.