अक्षरांखालची नागमोडी रेषा



स्वागताध्यक्षाने यजमान नगरीचे गुणगान करावे, निवास-भोजनाच्या तजविजीतील उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागावी आणि अध्यक्षांची वाट लवकर मोकळी करावी, असा दस्तूर आहे; त्यांपैकी क्षमायाचना मी मनःपूर्वक करतो, आणि गुणगानाच्या बाबतीत शनिवारवाड्याला आज रजा देऊन या शहरातील एकाच कामाविषयी बोलतो.

'अनिश्चितता आणि निर्मिती' हा आपल्या परिसंवादाचा विषय ठरला, तेव्हा मला आठवली ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी, ऐंशी ओलांडल्यावर, तिचा आरंभ केला. पुढे शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. उभ्या-आडव्या रेघांनी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर एक श्लोक प्रचलित पाठानुसार लिहायचा आणि प्रत्येक पोथीसाठी नेमलेल्या ओळीत, जिथे अक्षर निराळे तिथे ते निराळे अक्षर त्याच्या घरात भरायचे, अशी ती रुजुवात वर्षानुवर्षे चाले. जमाखर्चाच्या वहीत बसावी तशी व्यासवाणी चौकटीत बसे, आणि पहिला कागद आखणाऱ्याला शेवटचा पाहायला मिळेल याची हमी कोणी दिलेली नव्हती.

१९२५ पासून प्रमुख संपादक झालेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर मूळचे केंब्रिजचे गणिती. गणित्याला एकच उत्तर हवे असते, अशी आपली भाबडी समजूत. परंतु व्यासांची मूळ प्रत कोणाच्याही हाती येणार नाही हे पुरते ओळखून असलेल्या या पुरुषाने, जिथे पुरावा अपुरा पडला तिथे जागा रिकामी सोडली नाही की खोट्या खात्रीचा आवही आणला नाही. विवेकाला जो पाठ पटला तो छापला आणि त्याच्या खाली एक नागमोडी रेषा ओढली. माझ्या मते मराठी मुलखात घडलेल्या विद्याव्यवहारात इतके प्रामाणिक चिन्ह दुसरे नाही. आपण लेखक मंडळी मात्र शंका आली की लेखणी खाली ठेवतो, नाहीतर आवाज चढवतो.

सुखठणकरांनी महाभारताच्या अर्थाविषयी मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने चार व्याख्याने योजली होती. तीन झाली, २१ जानेवारी १९४३ रोजी ते वारले आणि चौथे द्यायचे राहून गेले. संपादनाचे दप्तर डॉ. बेलवलकरांकडे, त्यांच्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्यांकडे गेले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्यसिद्धी जाहीर झाली. मधली सत्तेचाळीस वर्षे ज्यांनी चौकटी भरल्या, त्यांतील बहुतेकांची नावे सभेत घेण्याचा शिरस्ता नाही. म्हणून त्यांना येथे केवळ नमस्कार करतो.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या हाती दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत काही वेळांखाली आम्हीही नागमोडी रेषा ओढली आहे, त्या वेळा वक्त्यांच्या स्वाधीन आहेत. भोजनाच्या वेळेखाली ती नाही, याची कृपया नोंद घ्यावी. आपणा सर्वांचे पुण्यात स्वागत असो.