उपवास, साबुदाणा आणि अंगावरची चरबी

(आष्टा येथे बचत गटांच्या मासिक मेळाव्यात आरोग्य या विषयावर झालेले भाषण)



आज विषय वजनाचा. हल्ली कुठल्याही बैठकीत एक प्रश्न येतोच. "ताई, मी दोनच वेळा जेवते, मग वजन का उतरंना?" आणि दुसरी म्हणते, "मी तर चतुर्थी धरते, दोन्ही एकादशी धरते, नवरात्र धरते. तरी पोट आहे तिथंच!" तर उपवासात शरीर नेमकं काय करतं, हे आधी समजून घेऊ.

आपल्या गटात कसं असतं? रोजच्या खर्चाला थोडी रोकड पेटीत आणि बाकी रक्कम बँकेत ठेव. शरीराचंही तसंच आहे. भाकरी, भात, साखर यांची अंगात ग्लुकोज साखर होते. त्यातली थोडी यकृतात साठते, साधारण शंभर ग्रॅम. ही आपली रोकड. स्नायूंतही साखर साठते, पण ती ज्या त्या स्नायूच्याच कामाला येते. यापेक्षा जास्त झालेलं अन्न चरबी होऊन कंबरेवर, पोटावर, मांड्यांवर जातं. ही ठेव.

जेवलं की रक्तात इन्सुलिन वाढतं. त्याचा निरोप असा की, "आत्ता आवक आहे, ठेव मोडू नका." जेवून बराच वेळ झाला की इन्सुलिन उतरतं. शरीर आधी यकृतातली साखर वापरतं आणि जोडीला चरबी काढायला लागतं. रात्रीच्या जेवणानंतर बारा-चौदा तास काही खाल्लं नाही, तर बराचसा खर्च चरबीतून भागायला लागतो. ही जळालेली चरबी जाते कुठं? घामातून वितळून जात नाही. दहा किलो चरबी जळाली तर त्यातली जवळजवळ साडेआठ किलो श्वासावाटे वायू होऊन बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं. म्हणून पोटाला पट्टा बांधून घाम काढण्यात पैसे घालवू नका.

आता आपल्या उपवासाकडं बघू. म्हण आहेच, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा तामिळनाडूत सेलमकडं टॅपिओकाच्या कंदापासून करतात. तो म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीतच म्हणा. पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर शेंगदाण्याचं कूट आणि तीन चमचे तूप, एवढ्या खिचडीत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी होतात. म्हणजे ज्वारीच्या अडीच भाकरी. वर वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू आणि चार-पाच कप साखरेचा चहा. त्या चहातली साखरच पन्नास ग्रॅमच्या घरात जाते! प्रत्येक कपाबरोबर "आवक आली" असा निरोप जातो आणि ठेव तशीच राहते. देवासाठी धरलेला उपवास जरूर धरा, तो श्रद्धेचा विषय आहे. पण वजन उतरवायचं असेल तर त्या दिवशी ताक, फळ, दाण्याची आमटी आणि वरईचा भात बेतानं घ्या.

दोन वेळा जेवायची पद्धत आपल्या महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळं. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या व्याख्यानावरून त्यांनी ती घेतली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवायचं, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, आणि मधे पाणी, पातळ ताक असंच काही. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, दर काही तासांनी खायला सांगतात. मग खरं काय? २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार दिला. त्यातल्या निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं. वजन दोन्हीकडं उतरलं आणि फरक म्हणावा असा निघाला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. वेळ बांधली की येता-जाता तोंडात टाकणं बंद होतं, हाच मोठा फायदा.

हिशेबही सांगते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज तीनशे कॅलरी कमी गेल्या तर एक किलो उतरायला महिना लागतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरलं तर हुरळू नका, त्यात पाणीच जास्त असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, नीट ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत २३ जणींचं वजन जास्त निघालं. पण २१ जणी प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी! म्हणजे एकाच गटात एकीची ठेव जास्त आणि शेजारणीची पेटीच रिकामी. सगळ्यांचं वाढून उरलं तर खाणारी बाई आधीच उपाशी असते. तिला आणखी उपवास कशाला?

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या आतल्या मुली, रक्त कमी असलेल्या, बारीक असलेल्या, थकलेल्या म्हाताऱ्या सासूबाई, यांनी असला उपवास करू नये. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळायचं नाही. गोळी घेतली आणि जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, बोलणं असंबद्ध. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि उन्हात उसात भांगलायला जाताना तर उपाशीपोटी अजिबात जाऊ नका.

मग करायचं काय? आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी तपासा. कंबर मोजा. बेंबीच्या पातळीला टेप लावा, ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष घालायची वेळ आली. पहिले पंधरा दिवस एकच करा, चहा दोन कपांवर आणि साखर अर्धी. पुढं रात्रीचं जेवण साडेसातपर्यंत उरका आणि सकाळची न्याहारी साडेसात-आठला घ्या, बारा तास आपोआप होतात. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यातलं काहीतरी हवंच. नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. एवढं करून तपासण्या चांगल्या आल्या, तर दोन वेळच्या जेवणाचं डॉक्टरांशी बोला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं हिमोग्लोबिन किती, हे विचारून या. वजनाचं त्यानंतर बोलू.