नव्या संचातला जुना खेळ



एखादं गाजलेलं नाटक दहा-बारा वर्षांनी ‘नव्या संचात’ रंगमंचावर येतं, तेव्हा पहिल्या प्रयोगाला हाताची घडी घालून बसलेले जुने प्रेक्षक तुम्ही पाहिले असतील. पडदा वर जाण्याआधीच त्यांचं निम्मं मत बनलेलं असतं. कम्प्युटर गेमच्या जगात असे प्रेक्षक फार आहेत, आणि प्रयोग लागायच्या आधी ते चार-चार वर्षं भांडू शकतात. जुन्या, आवडत्या गेमचा पुढचा भाग येतोय असं कळलं की आनंद व्हायला हवा. पण होते ती काळजी. ही काळजी नेमकी कशाची असते, याविषयी आज बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे: ‘फॉलआउट’.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅलिफोर्नियातल्या इंटरप्ले या कंपनीने १९९७ साली तो बाजारात आणला. टिम केन या प्रोग्रॅमरने काम सुरू केलं ते जवळजवळ एकट्याने. गोष्ट अशी: २०७७ साली अणुयुद्ध होतं आणि काही तासांत जग भाजून निघतं. थोडी माणसं जमिनीखालच्या बंदिस्त आसऱ्यांत वाचतात. पुढे चौऱ्याऐंशी वर्षांनी अशाच एका आसऱ्यातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते. दीडशे दिवसांत दुसरी चिप शोधून आणायची, म्हणून तुम्हाला बाहेर पाठवलं जातं. बाहेर वाळवंट आहे, उद्ध्वस्त गावं आहेत, टोळ्या आहेत. आणि जे काही उरलंय ते सगळं १९५० च्या अमेरिकेने रंगवलेल्या भविष्याचं आहे: गोलाकार मोटारी, धातूचे यंत्रमानव, जुन्या गाण्यांचे सूर.

हे सगळं तुम्ही वरून, तिरक्या कोनातून पाहता. लढाई होते ती आळीपाळीने, बुद्धिबळासारखी विचार करून. पण गेमचा जीव इथे नव्हता. सुरुवातीला तुम्ही आपला माणूस घडवता: शक्ती, नजर, बुद्धी, नशीब असे सात गुण. बुद्धीचा आकडा अगदी खाली ठेवला, तर तुमचा नायक गेमभर हुंकार देत, तुटक शब्दांत बोलतो. गावकरी त्याला समजावणं सोडून देतात. कुणी कीव करतं, कुणी हाकलून लावतं. तुम्ही जो माणूस केलात, त्याला जग तसंच वागवतं.

शेवटी खलनायक भेटतो. त्याला ‘मास्टर’ म्हणतात. माणसांपासून एक नवी, धिप्पाड जात बनवून जग एकसंध करायचं त्याचं स्वप्न आहे. त्याला गोळ्या घालून संपवता येतं. पण तुम्ही नीट चौकशी केली असेल, तर त्याच्या त्या नव्या जातीला मुलं होऊ शकत नाहीत, याचा पुरावा तुमच्याकडे आलेला असतो. तो समोर ठेवा. आपण ज्यासाठी एवढे अत्याचार केले त्याला पुढची पिढीच नाही, हे त्याला उमगतं आणि तो स्वतःला संपवतो. तुम्ही एकही गोळी झाडलेली नसते. आणि मग, एवढं सगळं करून घरी परतल्यावर, आसऱ्याचा प्रमुख तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. बाहेरचं जग पाहिलेला माणूस आता त्याला आत नको असतो.

असा गेम ज्याने विशीत खेळला, तो त्याच्याविषयी हळवा होणारच.

१९९८ मध्ये दुसरा भाग आला. खरं तर संच तेव्हाच बदलायला लागला होता: टिम केन आणि त्याचे दोन महत्त्वाचे सहकारी काम अर्ध्यात असताना कंपनी सोडून गेले. ‘मूळ मंडळी, मूळ मंडळी’ म्हणणारे चाहते ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. पुढे इंटरप्लेची आर्थिक घसरण झाली. डिसेंबर २००३ मध्ये गेम घडवणारा ब्लॅक आइल हा विभागच बंद पडला आणि तयार होत असलेला तिसरा भाग फायलींत राहिला. त्याच सुमारास याच नावाने टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी एक मारधाडीचा गेम निघाला. त्यात जुन्या सुरांच्या जागी कर्कश मेटल संगीत होतं, आणि ‘न्यूका-कोला’ या गेममधल्या काल्पनिक पेयाच्या जागी बाजारात विकलं जाणारं खरंखुरं एक शीतपेय होतं. काळजीला बळ मिळतं ते अशा गोष्टींतून. चाहते उगीच घाबरट नसतात. त्यांना एकदा चटका बसलेला असतो.

२००४ मध्ये बातमी आली की तिसरा भाग आता मेरीलँड राज्यातली बेथेस्डा कंपनी करणार. २००७ मध्ये तर तिने साडेसत्तावन्न लाख डॉलर मोजून फॉलआउट हे नावच विकत घेतलं. बेथेस्डाची ख्याती वेगळ्या गेमची होती. तलवारी, जादू, डोंगरदऱ्या, आणि सगळं नायकाच्या डोळ्यांतून पाहायचं. २००६ चा तिचा ‘ऑब्लिव्हियन’ जगभर खपला होता. जुन्या चाहत्यांनी एका वाक्यात निकाल दिला: हा बंदुकांवाला ऑब्लिव्हियन होणार.

मग चित्रं आली, चित्रफिती आल्या. वरून पाहणारा तिरका कोन गेला. आळीपाळीची लढाई गेली; तिच्या जागी वेळ थांबवून शत्रूचा हात, पाय किंवा डोकं निवडून नेम धरायची सोय आली. खांद्यावरून छोटा अणुबॉम्ब फेकणारं एक शस्त्र दाखवलं गेलं आणि त्यावर तर हसण्याची लाटच उसळली. अणुयुद्धाच्या राखेवर उभ्या असलेल्या गोष्टीत अणुबॉम्बचा असा फटाका? या एका आक्षेपात मला तेव्हाही तथ्य वाटलं, आजही वाटतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण या गेमची काळजी फक्त चाहत्यांनाच वाटत होती असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रमाणन मंडळाने त्यातल्या मॉर्फिनच्या वापरावर बोट ठेवून आधी परवानगी नाकारली. कंपनीने औषधाचं नाव बदलून टाकलं. जपानी आवृत्तीत एका वस्तीतला न फुटलेला अणुबॉम्ब उडवून द्यायचा पर्याय काढला गेला. ज्या देशाने हिरोशिमा पाहिलं, तिथे ते समजण्यासारखं होतं. आणि भारतात? ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन हा गेम आपल्या एक्सबॉक्ससाठी इथे आणणार नाही. नेमकं कारण सांगितलं नाही. लोकांनी तर्क केला तो त्यातल्या किरणोत्साराने दोन डोकी आलेल्या गायीवरून; त्या प्राण्याला गेममध्ये ‘ब्राह्मिन’ म्हणतात. गंमत अशी की २०२१ मध्ये याच मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मालक कंपनी साडेसातशे कोटी डॉलरना घेतली. म्हणजे ती दोन डोक्यांची गाय आता त्यांच्याच गोठ्यात आहे.

तर, २००८ च्या ऑक्टोबरअखेर ‘फॉलआउट ३’ आला आणि प्रचंड चालला. वॉशिंग्टन शहराचे अवशेष, पडके पूल, भुयारी रेल्वेची अंधारी स्थानकं यांतून पायी भटकण्याचा अनुभव वरच्या तिरक्या कोनातून कधीच मिळाला नसता. रेडिओवर बोलतोय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या उजाड शहरात एक रेडिओ केंद्र चालू असतं. निवेदक जुनी गाणी लावतो आणि तुम्ही काल कुणाला वाचवलंत, कुणाला लुटलंत, त्याची बातमीही देतो. पण त्याचा आवाज दूर गेलं की खरखरून विरतो. मग तुम्ही संग्रहालयातल्या जुन्या चांद्रयानावरची तबकडी काढून वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवता, आणि प्रक्षेपण सगळ्या ओसाडीत ऐकू जातं. हे बेथेस्डाचं अस्सल काम होतं, आणि जुन्या गेमच्या आत्म्याशी इमान राखणारं होतं. भांडणारे चाहते इथे चुकले.

पण काही बाबतींत ते बरोबर निघाले, आणि त्या बाबी त्यांच्या यादीत फार वर नव्हत्या. गेमच्या शेवटी पाणी शुद्ध करणारं केंद्र चालू करण्यासाठी जीवघेण्या किरणोत्सारात कुणीतरी आत जायचं असतं. तुमच्या सोबत असा एक साथीदार असू शकतो, ज्याला किरणोत्साराने काहीच होत नाही. आधी एकदा त्याने अशाच खोलीतून तुमच्यासाठी वस्तूही आणून दिलेली असते. त्याला विनवलं, तर तो म्हणतो, हे तुझं प्राक्तन आहे, मी नाही जाणार. खेळणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. २००९ मध्ये कंपनीला पुरवणी भाग काढून तो शेवट बदलावा लागला. दुसरं उदाहरण म्हणजे स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवणारा एक संगणक. त्यालाही बोलून बोलून स्वतःचा नाश करायला लावता येतं, पण कसं? वक्तृत्वाचं कौशल्य पुरेसं असेल तर दोन-चार वाक्यांत. पुरावा नको, चौकशी नको. मास्टरच्या प्रसंगाची ही नक्कल होती, आणि नकलेत मूळचं कारणच गळून गेलं होतं.

मग २०१० साल उजाडलं. बेथेस्डाने पुढचा गेम, ‘न्यू व्हेगस’, ऑब्सिडियन या कंपनीकडे सोपवला. ब्लॅक आइल बंद पडण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या लोकांची ही कंपनी. तोच सांगाडा, तोच डोळ्यांतून दिसणारा कोन, तीच नेम धरायची पद्धत, आणि हातात साधारण दीड वर्ष. बाजारात आला तेव्हा गेम अडखळत होता, बंद पडत होता. तरीही जुन्या चाहत्यांपैकी कितीतरी जणांनी तो आपला मानला. फायलींत राहिलेल्या त्या तिसऱ्या भागातल्या कल्पना इथे वापरल्या होत्या. ‘न्यू व्हेगस’मध्ये शेवटी हूव्हर धरणावर रोमन थाटाच्या सैन्याचा सेनापती समोर येतो. त्याच्याशी लढता येतं. किंवा, तुमचं व्यापाराचं ज्ञान पक्कं असेल, तर त्याला हिशेब मांडून दाखवता येतो: पश्चिम जिंकशील, पण रसद कुठून आणशील, एवढा मुलूख सांभाळशील कसा? तो विचार करतो आणि फौज मागे घेतो.

आता सांगा, तिरका कोन कुठे होता? आळीपाळीची लढाई कुठे होती? ज्या गोष्टींसाठी चार वर्षं भांडण झालं, त्यांतली एकही परत आलेली नव्हती.

मला वाटतं, याचं कारण अगदी साधं आहे. गेम येण्याआधी चाहत्याच्या हातात असतं काय? चार चित्रं आणि दोन मिनिटांची चित्रफीत. चित्रात कॅमेऱ्याचा कोन दिसतो, रंग दिसतो, शस्त्र दिसतं. तुम्ही केलेल्या कृत्याचा परिणाम तीस तासांनंतर काय होणार, हे चित्रात दिसत नाही. मग भीती जे दिसतं त्यालाच चिकटते. ‘डायब्लो’ या दुसऱ्या एका गेमच्या तिसऱ्या भागाचं तेच झालं. २००८ मध्ये पहिली झलक आली आणि चाहत्यांनी रंग फार उजळ आहेत म्हणून सह्यांची मोहीम काढली. २०१२ मध्ये गेम हाती आला, तेव्हा डोकेदुखी झाली ती सतत इंटरनेट लागण्याची आणि खऱ्या पैशांत वस्तू विकणाऱ्या लिलावघराची. ते लिलावघर मार्च २०१४ मध्ये कंपनीला बंद करावं लागलं. रंगांविषयी पुढे कुणी फारसं बोललं नाही.

चाहत्यांच्या या चुकीहून कंपन्यांचा गैरसमज मोठा; तो असा, की चाहत्यांची यादी शब्दशः पुरवली की ते खूश होतील. म्हणून जुनी चिन्हं पेरली जातात: तोच निळा पोशाख, तेच पेय, तेच हसरं चित्र. २०१५ च्या चौथ्या भागात ती सगळी होती, पण संवादात प्रत्येक वेळी चारच पर्याय, आणि बऱ्याचदा चारही वाटा एकाच ठिकाणी जाणाऱ्या. २०१८ च्या ‘फॉलआउट ७६’ मध्ये तर बोलायला, प्रश्न विचारायला संगणकाने चालवलेलं एकही जिवंत माणूस नव्हतं. २०२० मध्ये ती माणसं घालावी लागली. २०२४ मध्ये फॉलआउटवर टीव्ही मालिका आली, नवे लाखो लोक या जगात आले, आणि जुन्यांनी त्यातल्या एका फळ्यावर लिहिलेल्या सालावरून वाद घातला: ‘न्यू व्हेगस’ची गोष्ट पुसून टाकली की काय म्हणून. मला त्या वादात कुत्सितपणा दिसत नाही. ज्या जगात आपल्या कृतीला किंमत होती, त्या जगाचा इतिहास कुणी खोडू नये, एवढंच ते म्हणत होते.

पाचवा भाग ‘एल्डर स्क्रोल्स’ या आपल्या दुसऱ्या गेममालिकेच्या सहाव्या भागानंतर करू, असं बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांनी २०२२ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे घाई नाही. पहिली चित्रं येतील तेव्हा कुणी पोशाखाच्या शिवणीवरून भांडेल, कुणी आकाशाच्या रंगावरून. मी मात्र त्यावर काही बोलणार नाही. गेम हातात आला की शेवटच्या खलनायकापर्यंत जाईन, बंदूक बाजूला ठेवीन, आणि वाटेत गोळा केलेल्या कागदांपैकी एखादा तो वाचतो का, ते बघेन.