आपल्या 'चुली'तला च आणि जर्मन भाषा



मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून मैत्रीची शहरं. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे नर्सिंग शिकलेल्या मुली आता जर्मनही शिकू लागल्या आहेत. तिथे नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी-टू पातळीची भाषा लागते. उच्चारांचं दडपण मुलींना येतं, तसं आयांनाही येतं.

पण गंमत ऐका. आगगाडीला जर्मनमध्ये म्हणतात 'त्सूक'. म्हणजे अगदी आपली 'चूक'! इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीचा हा उच्चार अवघड जातो. आपण मात्र चूल, चाक, चोर रोजच म्हणतो. मिठाला ते 'झाल्त्स' म्हणतात. त्याची सुरुवात 'जाऊबाईं'तल्या ज सारखी आणि शेवट 'चुली'तल्या च सारखा.

आता दुसरी गोष्ट. जर्मन लिपीतलं व्ही हे अक्षर त्यांच्या अस्सल शब्दांत 'फ' होतं. वडील म्हणजे 'फाटर', पुष्कळ म्हणजे 'फील'. बाहेरून आलेल्या शब्दांत मात्र तेच अक्षर बहुधा 'व' राहतं: व्हिटॅमिनला 'विटामीन', शिरेला 'वेनं'. वॉर्डात दोन्ही तऱ्हेचे शब्द रोज लागणार.

एका अक्षराचे दोन उच्चार कसे लक्षात ठेवायचे? अहो, आपणही तेच करतो. 'चोर' म्हणताना च वेगळा, 'चॉकलेट' म्हणताना वेगळा. 'चाक' आपल्या घरचा, 'चंद्र' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून तिथेही च बदलतो. 'जाऊ' आणि 'जॉब' यांचंही तसंच. हे आपल्याला कुणी पाठ करून घेतलं नाही, कानांनी शिकवलं.

पाहुण्या शब्दाला जर्मन माणूस कधी आपलं वळणही लावतो. शब्दाच्या शेवटी ब आला की त्याचा प होतो, म्हणून 'जॉब'चा होतो 'जॉप'. 'त्सूक'मधला क सुद्धा लिहिताना ग असतो.

तेव्हा मुलीला नवा शब्द भेटला की विचारायला सांगा: हा घरचा की पाहुणा? आणि घरात तिच्याशी मराठी बोलत राहा. हिंदी-इंग्रजीच्या गर्दीत 'चमचा'तला आपला च हरवत चालला आहे. तो जिभेवर राहिला, तर जर्मनच्या पहिल्या धड्यापासून तिच्या कामी येईल.