दुसऱ्या सत्राची हजेरी

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे आटोपशीर करून)



जूनमध्ये आपण वसतिगृहातील मुलांसाठी वह्या, दप्तरे आणि छत्र्या पाठवल्या. त्याबद्दल देवाची स्तुती करते आणि तुमचे मनापासून आभार मानते. परंतु आज मला जूनबद्दल बोलायचे नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर जे सत्र सुरू होते, त्याबद्दल बोलायचे आहे. कारण नंदुरबारच्या डोंगराळ भागात नववी-दहावीची मुले शाळेतून गळतात ती बहुतेक याच सत्रात.

याचे कारण समजून घेण्यासाठी आधी तिथल्या घराचे वर्ष पाहू. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांत शेती मुख्यतः पावसावरची. खरिपाचे धान्य घरात आले की गावात काम उरत नाही. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कुटुंबे बाहेर पडतात. कोणी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाते, कोणी बांधकामावर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मग धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? म्हाताऱ्या आजीजवळ कोण राहणार? नजर जाते ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडे. मुलगा असेल तर त्याच्या हातातही कोयता येऊ शकतो.

कायद्याचाही आधार नेमका इथेच सैल होतो. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, पण १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांपुरतीच बंदी आहे. म्हणून नववीतले मूल शाळेत आले नाही, तर त्याला परत आणण्याची निकड कोणाला वाटेलच असे नाही. ती निकड आपल्याला वाटली पाहिजे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. तो हरवलेल्या मेंढराला शोधायला गेला, हे आपल्या लक्षात राहते. पण शंभरातले एक नाही, हे त्याला कळले कसे? त्याने मोजले होते, म्हणून कळले. नव्याण्णव मेंढरांच्या गर्दीत एक कमी आहे हे सहज डोळ्यांत भरत नाही. हजेरीपट हे आमच्यासाठी तसे मोजण्याचे साधन आहे.

म्हणून आम्ही एक साधा नियम ठेवला आहे. मूल सलग तीन दिवस दिसले नाही, तर चौथ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जायचे. महिनाअखेरची वाट पाहायची नाही, कारण तोवर कुटुंब गाव सोडून गेलेले असते. घरी गेल्यावर पहिला प्रश्न ‘शाळेत का आला नाहीस?’ असा नसतो. ‘घरी काय झाले?’ असा असतो. पहिल्या प्रश्नाला मूल मान खाली घालते. दुसऱ्या प्रश्नाला आई उत्तर देते, आणि त्या उत्तरातून वाट निघते. मुलीला वसतिगृहात ठेवून लहान भावंडांची सोय मावशीकडे करता येते. सरकारचीही हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप स्थलांतर करत असले, तरी मूल गावीच राहून शिकावे यासाठी. स्थलांतर टळतच नसेल, तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जायला सांगतो, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसता येते.

आता शरीराविषयी. सातपुड्यातील भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेलचा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या मुलाला थंडीत, पाणी कमी प्यायल्यावर किंवा फार दमल्यावर हाडा-सांध्यांत तीव्र वेदना होतात. डिसेंबरच्या पहाटे त्याला गार पाण्याने आंघोळ घातली, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, की दुपारपर्यंत ते अंथरुणाला खिळते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून त्याला कामचुकार ठरवले जाते. अशा मुलाला आंघोळीला गरम पाणी, पुरेसे पांघरूण, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर आणि वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा, एवढे मिळाले तरी त्याचे कितीतरी दिवस वाचतात. ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र थांबायचे नाही. सरळ दवाखाना गाठायचा. जे फक्त वाहक आहेत त्यांना सहसा त्रास होत नाही, हेही इतर मुलांना समजावून सांगावे लागते. नाहीतर चिडवाचिडवी सुरू होते.

मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचे चार दिवस दर महिन्याला बुडतात. कारण लाज नसते, शाळेत पाणी आणि कडी असलेले शौचालय नसते. कडी बसवायला फार खर्च येत नाही.

शरीराइतकेच मनही जपावे लागते. सुट्टीहून परतलेली मुले पहिले काही दिवस गप्प असतात. घरचे सगळे दूर उसाच्या फडात, फोन लागत नाही, आणि इथे मूल एकटे. अशा वेळी आपल्याकडे उपदेश करायची घाई होते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली पडला होता. देवाच्या दूताने त्याला बोल लावला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला घातले. प्रश्न विचारले ते पुष्कळ नंतर. आमच्या अधीक्षिकाबाई रोज संध्याकाळी हेच पाहतात. कोण नीट जेवले नाही, कोण झोपत नाही, कोण कोणाशीच बोलत नाही. या तीनपैकी एखादी गोष्ट आठवडाभर दिसली, तर त्या मुलाजवळ निवांत बसतात. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, तर प्रार्थना कराच, पण प्रार्थनेवरच थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना कळवा. टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन्ही विनाशुल्क क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.

अभ्यासात मुख्य अडचण भाषेची. घरी भिली, पावरी किंवा मावची, आणि नववीचे विज्ञान पुस्तकी मराठीत. ‘समजले का?’ विचारले की सगळी मुले ‘हो’ म्हणतात. म्हणून संध्याकाळच्या अभ्यासाची पहिली पंधरा मिनिटे आम्ही पुस्तक मिटून ठेवतो. आज काय शिकलो, ते मुले आपापल्या भाषेत एकमेकांना सांगतात. जिथे सांगणारा अडतो, तिथेच धडा समजलेला नसतो. आणि पंधरा दिवस बुडवून आलेल्या मुलाला सगळ्या वह्या उतरवून काढायला लावत नाही. ती शिक्षाच होते. प्रत्येक विषयातले पुढच्या धड्यासाठी लागणारे तेवढेच त्याला आधी शिकवतो.

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतच होळी येते. सातपुड्यातील आदिवासींचा हा सर्वांत मोठा सण. काठीची होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. बाहेरगावी गेलेली माणसे या सणाला परततात, आणि काही महिन्यांनी मुलाला आईबाप दिसतात. ‘होळीला जायचे नाही’ असे म्हणून फाटक बंद केले, तर मूल भिंतीवरून जाईल आणि परत येणार नाही. त्यापेक्षा वेळापत्रक पाहून त्याला जाऊ द्यावे आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी. आपल्या काही बंधूंना हे रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वसतिगृहातील सगळी मुले ख्रिस्ती घरांतली नाहीत, आणि आपली सेवा अट घालून दिलेली नाही. मुलाला आईवडिलांना भेटू देणे हे प्रीतीचेच काम आहे.

आता माझी विनंती. बंधुभगिनींनो, आपले दान जूनमध्ये आणि नाताळात भरभरून येते. जानेवारी ते मार्च मात्र हात आखडतो, आणि त्याच महिन्यांत घरभेटीच्या जीपचे भाडे, पाणी तापवण्याचे सरपण, संध्याकाळच्या शिक्षकाचे मानधन द्यायचे असते. या गोष्टींचा फोटो चांगला येत नाही, हे खरे. तरीही आपल्या वार्षिक दानातला एक भाग या तीन महिन्यांसाठी वेगळा ठेवावा. मंडळीतील निवृत्त शिक्षकांनी जानेवारीत एक आठवडा येऊन राहावे आणि गणित, इंग्रजी शिकवावे. राहण्याजेवणाची सोय साधी आहे, पण आनंदाने करू.

आणखी एक. प्रार्थनेसाठी मुलांची नावे आणि घरची दुःखे आम्ही छापत नाही, त्यांचे रडवेले फोटोही पाठवत नाही. उद्या हीच मुले मोठी होऊन हे पत्रक वाचतील. तुम्ही दर शुक्रवारी एवढेच म्हणा, ‘प्रभू, या आठवड्यात जे मूल आले नाही त्याच्या दारापर्यंत कोणाला तरी पाठव.’ आणि शक्य असेल तर त्या माणसाच्या गाडीभाड्याची सोय करा.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.