जुनी, पण मोठी गाडी घेताना



साताऱ्याच्या माणसाला दुचाकीचं वेड कुणी शिकवावं लागत नाही. महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ आमच्या साताऱ्यातच तयार व्हायची. एकेकाळी ती नावावर लागली की घरात पेढे वाटले जात. दुसरीकडे, पलटणीतून सुट्टीवर किंवा पेन्शनवर आलेल्या जवानाची बुलेट गावोगावी दिसायची. तिचा ठोका वेशीबाहेर ऐकू आला की म्हातारी माणसं म्हणायची, “सुभेदार आले वाटतं.” त्यामुळे मोठी गाडी म्हणजे रुबाब, हे समीकरण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पक्कं झालेलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण भाच्याला घेऊन घरी आली. भाचा तेवीस वर्षांचा, एमआयडीसीत कामाला. सव्वाशे सीसीची गाडी चार वर्षं वापरली, आता त्याला मोठी हवी होती. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी बघायची. बहीण म्हणाली, “दादा, तू आयटीआयमध्ये जन्मभर गाड्याच शिकवल्यास. तूच याला समजाव. घेऊ नको म्हटलं तर ऐकत नाही, आणि घे म्हणायला माझी जीभ वळत नाही.” त्या घरात जे बोलणं झालं, तेच आज तुमच्यापुढे मांडतो, कारण असा एक तरी भाचा प्रत्येकाच्या घरात आहे.

पहिला प्रश्न मी भाच्याला विचारला, “गाडी कशासाठी हवी?” तो म्हणाला, “मामा, कंपनीत जायला, आणि सुट्टीला घाट फिरायला.” रोजचं जाणं-येणं पंधरा किलोमीटरचं आणि घाट महिन्यातून एकदा. म्हणजे रोज जे करायचं त्याला लहान गाडी बरी आणि कधीतरी करायचं त्याला मोठी. हा हिशेब आधी मांडावा. मोठी गाडी लिटरला तीस-पस्तीस किलोमीटर देते, त्याहून मोठी पंचवीसवर येते. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेकपॅड सगळंच महाग. घेताना स्वस्त पडलेली गाडी पोसताना घाम काढते.

दुसरा प्रश्न वजनाचा. शंभर सीसीची नेहमीची गाडी एकशे दहा-बारा किलोची असते. साडेतीनशेची क्लासिक १९५ किलोची, आणि साडेसहाशेची दोन सिलिंडरची इंटरसेप्टर दोनशेच्या वर. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही. जाणवतं ते उतारावर मागे ओढताना, वाळूत पाय टेकताना आणि ऊसतोडीच्या हंगामात समोर अचानक बिनदिव्याची ट्रॉली आल्यावर. म्हणून बघायला जाल तेव्हा गाडी बंद ठेवून ती दहा पावलं पुढे-मागे ढकला आणि मधल्या स्टँडवर चढवून पाहा. दम लागला तर तो दम खरा समजा.

आणि नुसत्या सीसीवर जाऊ नका. साडेतीनशेची क्लासिक सुमारे वीस अश्वशक्तीची, तर ३७३ सीसीची ड्यूक ३९० चाळीसच्या वर. आकडे जवळजवळ, पण मनगट पिळल्यावर काय होतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक. युरोपात तरुणांना परवाना पायरीपायरीने मिळतो. मधल्या पायरीवर ३५ किलोवॅटची, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीची मर्यादा असते. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या दुचाकीचा परवाना हातात पडला की शंभरची चालवा नाहीतर हजारची, कायदा अडवत नाही. ती पायरी आपल्याकडे घरच्यांनीच घालायची असते. बहिणीला मी म्हटलं, “नको म्हणू नकोस, पायरी घाल.”

आता किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. याचा जुन्या बाजाराशी थेट संबंध आहे. साडेतीनशेची जुनी गाडी घेताना विकणारा त्याला पडलेली किंमत सांगेल. तुम्ही ती ऐकून घ्या, पण तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करा. मोठ्या गाड्यांचं उलट आहे. नवी महागल्यामुळे जुनीला मागणी वाढते, आणि मागणी वाढली की डोळे झाकून घेणारे वाढतात.

भाच्याचं मन बसलं होतं पाचशे सीसीच्या गाडीवर. २०२० साली बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा रॉयल एन्फिल्डने पाचशेचं इंजिन बंद केलं. तेव्हा ही गाडी मिळणार ती जुनीच. बंद झालेली गाडी घेऊच नये असं नाही, पण सुटे भाग कुठे मिळतील आणि हात लावणारा मेस्त्री किती लांब आहे, हे आधी विचारावं. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये इथलं उत्पादन थांबवायचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तिच्या मालकांना हीच चिंता पडली होती. पुढे हिरो मोटोकॉर्पशी करार झाला म्हणून बरं. पुणे-मुंबईच्या मालकाला एक वेळ चालतं. विट्याच्या किंवा फलटणच्या मालकाने एका केबलसाठी पुण्याची वारी करायची का, ते ठरवावं.

तर अशी एक पाचशेची गाडी सांगलीजवळच्या एका गावात आहे असं कळलं. २०१८ ची, एकहाती, किलोमीटर कमी, किंमत बाजारापेक्षा पंचवीस हजारांनी खाली. भाचा रात्रभर झोपला नसावा. आम्ही सकाळीच पोचलो. गाडी आरशासारखी चकाकत होती.

मी आधी इंजिनवर हात ठेवला. ते गार होतं, हे चांगलं. आपण पोचायच्या आत इंजिन तापवून ठेवलं असेल तर गाडी गारठ्यात सुरू व्हायला त्रास देते की काय, ही शंका घ्यावी. चालू केली, धूर पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जादा. तसं काही नव्हतं. मग हेडलाइटकडे लक्ष गेलं. काचेच्या आत, खालच्या कडेला, करड्या मातीची बारीक रेघ. सीट काढायला लावलं. वायरिंगच्या जोडाच्या पिना हिरवट पडलेल्या, आणि बॅटरीच्या खणाच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ.

श्रोतेहो, सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्याआधी २००५ ला आणि पुढे २०२१ ला हीच नदी घरात आली. माणसं, जनावरं काढताना गाड्या कोण बाहेर काढणार? पूर ओसरल्यावर त्या धुतल्या गेल्या, रंगल्या, आणि काही बाजारात आल्या. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटला पूर्ण खोलून, तेल बदलून मेस्त्री पुन्हा उभी करत असे. पण इंधन इंजेक्शनच्या गाडीत संगणकाची पेटी असते, सेन्सर असतात, एबीएसचं युनिट असतं. त्यात शिरलेलं पाणी लगेच बोलत नाही. ते वर्षा-दोन वर्षांनी बोलतं, आणि कधी भर घाटात बोलतं.

मी मालकाकडे पाहिलं. तो माझ्याच वयाचा शेतकरी. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, खोटं कशाला बोलू? चार दिवस पाण्यात होती. पोराची गाडी. घर उभं करायला पैसे लागले तेव्हाच विकायला हवी होती, पण पोराचं मन मोडवलं नाही.” त्याने चहा पाजला. आम्ही गाडी घेतली नाही, पण त्याला लबाड म्हणायला माझं मन धजत नाही. त्याचं नुकसान कृष्णेने केलं होतं. ते आम्ही अंगावर घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मात्र न विचारता सांगणारे थोडे. म्हणून नदीकाठची गाडी असो वा नसो, हेडलाइटची काच, मीटरची काच, सीटखालचे जोड आणि टाकीखालची पोकळी बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

बाकीच्या खुणाही सांगतो. चेसिस नंबर हँडलच्या गळ्याशी ठोकलेला असतो. तो आणि इंजिन नंबर आर.सी.शी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, मध्ये अडलं तर गाडी पडलेली असू शकते. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नको. स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन वाकले असतील तर काट्यावरच्या कमी किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशेच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. मोठी गाडी घ्यायचीच तर त्या तारखेनंतरची बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. इथे मी स्वतः पोळलो आहे. वीस वर्षांपूर्वी माझी गाडी ओळखीच्या माणसाला विकली, टी.टी. फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विसरलो. त्याने पुढे विकली, त्या पुढच्याने अपघात केला, आणि तीन वर्षांनी कोर्टाची नोटीस आली ती माझ्या नावाने! गाडी नावावर कुणाच्या, एवढंच कायदा विचारतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं, की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. तेव्हा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, फॉर्म २९ आणि ३० भरायचे. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवायचं.

सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आर.सी.वरही बँकेचा बोजा असतो. हप्ते फिटले असं तोंडी सांगणं उपयोगाचं नाही, फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसं सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. त्यांच्याबरोबर परराज्यातल्या नंबराच्या गाड्या गावाकडे येतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, इथला कर पुन्हा भरावा लागतो. गाडी बारा महिन्यांच्या वर इथे राहिली तर इथला नंबर घेणं भाग आहे. स्वस्ताई तिथेच संपते.

तुम्ही विचाराल, भाच्याचं काय झालं? चार महिने थांबला. शेवटी साताऱ्यातच एका निवृत्त हवालदाराची साडेतीनशेची गाडी मिळाली. २०२१ ची, सर्व्हिसची प्रत्येक पावती वहीत चिकटवलेली. पाचशेसाठी जमवलेल्या पैशांतून उरले त्यात त्याने नवे टायर, स्वतःला चांगलं हेल्मेट आणि एक मागे बसणाऱ्यासाठी घेतलं. नाव चढेपर्यंत त्याने गाडी घराबाहेर काढली नाही.

नारळ फुटल्यावर बहीण म्हणाली, “दादा, पहिली फेरी माझी.” दुसरं हेल्मेट घालून ती मागे बसली आणि यवतेश्वरपर्यंत जाऊन आली. उतरल्यावर एवढंच म्हणाली, “बरा चालवतो.” त्या गाडीला याहून चांगलं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.