काउंट पडल्यावर

रक्ताच्या कर्करोगावर बोलायचे तर सुरुवात परळपासून करावी लागते. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरबाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत असे, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेतल्या या कामातून १९३१ मध्ये त्यांनी जाहीर केले, की यीस्टच्या अर्कात या बायकांना बरे करणारे काहीतरी आहे. ते निघाले फॉलिक आम्ल. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत घडवले आणि पेशींना चकवणारी त्याची नक्कलही. १९४८ मध्ये बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी त्या नकलेचे, म्हणजे अमिनोप्टेरिनचे, १६ ल्युकेमियाग्रस्त मुलांवरचे अनुभव छापले. दहा जणांचा रोग काही काळ मागे हटला होता. मुले वाचली नाहीत; पण तोवर एवढेही क्वचितच कोणाला साधले होते.

त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. मोठ्या मात्रेत दिले, की ठरल्या तासाला ल्यूकोव्होरिन द्यावेच लागते. हे ल्यूकोव्होरिन म्हणजे फॉलिक आम्लाचेच एक रूप. ज्याचा दुष्काळ पाडून रोग मारायचा, तेच परत देऊन रोग्याला सोडवायचे. वेळ चुकली तर तोंड सोलवटते, हाडांतली रक्त घडवणारी मज्जा बसते. माझ्या मते या उपचारांतले अवघड काम औषध निवडण्याचे नाही. औषधाने केलेल्या पडझडीतून रोग्याला पार नेण्याचे आहे.

तीव्र ल्युकेमियात मज्जा कर्कपेशींनी खच्चून भरलेली असते. पहिल्या केमोने ती रिकामी होते आणि चांगल्या पेशी परत यायला साधारण तीन-चार आठवडे जातात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक एवढेच म्हणतात, ‘काउंट पडलेत.’ न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली गेल्या, की शरीर तक्रार करायचेच विसरते. जखमेत पू धरत नाही. न्यूमोनिया झाला तरी एक्स-रेवर सुरुवातीला डाग दिसेलच असे नाही, कारण पू आणि डाग ज्यांच्यामुळे होतात त्या पेशीच नाहीत. मग उरतो तो फक्त ताप. एकदाच १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट, एवढे पुरे. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त आधी घ्यायचे, पण रिपोर्टची वाट बघत बसायचे नाही.

आपल्या घरांत काय होते? ‘पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू.’ गोळीने आकडा उतरतो, जंतू वाढतच राहतात. मुंबईत केमो घेऊन नांदेडला घरी गेलेल्या रोग्याने अशा वेळी परत मुंबईची गाडी पकडायची नसते. जवळच्या रुग्णालयात जायचे आणि दारातच सांगायचे, की केमो चालू आहे. माझे चालले तर मी हे फायलीच्या पहिल्या पानावर ठळक छापीन.

जंतू बाहेरूनच येतात, हाही एक समज आहे. भेटायला येणाऱ्यांना आपण हाकलतो, ते बरेच करतो. पण बरेचदा जंतू रोग्याच्याच आतड्यातले असतात. केमोने आतड्याचे अस्तर झिजते आणि ते रक्तात उतरतात. आपल्याकडे त्यांतले अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत, ही भर वेगळीच. काही जातींची बुरशी मात्र हवेतून येते. म्हणून शेजारच्या बांधकामाची धूळ या वॉर्डाला चालत नाही.

प्लेटलेटचे गणित निराळे. दहा हजारांच्या खाली आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या बाहेरून भराव्या लागतात. रक्तपेढीत त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलवत ठेवतात आणि साधारणपणे पाच दिवसच वापरता येतात. साठा करून ठेवावा म्हटले तरी होत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद, रक्तदान शिबिरे कमी. ल्युकेमियाला सुट्टी नसते. आणि पुढे मज्जेचे प्रत्यारोपण ठरण्याची शक्यता असेल, तर सख्ख्या भावाबहिणींचे रक्त घेणे टाळतात. रोग्याचे शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊ शकते. धावत आलेल्या भावाला हे समजावणे फार जड जाते.

ॲप्लॅस्टिक ॲनिमिया हा कर्करोग नव्हे, पण त्यात मज्जाच ओस पडते आणि हेच सगळे धोके राहतात. प्रत्यारोपणाचा मार्ग दोन्हींत आहे. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. एक सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हल्ली अर्धे जुळणारे आईवडीलही दाते होतात. दात्याच्या पेशी रोग्याची त्वचा, आतडी, यकृत यांवर उलटू शकतात. त्यांना पूर्ण दाबावे, तर उरलासुरला ल्युकेमिया मारण्याची त्यांची ताकदही जाते. प्रत्यारोपणानंतरची औषधे म्हणूनच इतक्या बारकाईने कमी-जास्त करतात.

आणि आता काही रोग्यांच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, काढून, त्या कर्कपेशींवर चालून जातील असा बदल करून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून झालेल्या अशा एका उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही ताप येतो. तो या पेशी कामाला लागल्याचा असू शकतो, जंतूंचाही असू शकतो, आणि पहिल्या तासात दोन्हींतला फरक कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रतिजैविक सुरू करतात, आणि या पेशींनी उठवलेला भडका शमवणाऱ्या टोसिलिझुमॅबची कुपी आधीपासून वॉर्डात आणून ठेवलेली असते.